कर्ज फेडताना औषधं, शाळा आणि सण आधी मोजा

कर्ज लवकर फेडायचा निश्चय बहुतेक घरांत पगारवाढीच्या महिन्यात होतो आणि जूनमध्ये मोडतो. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश आणि रेनकोट एकदम येतात. पाठोपाठ पावसाळ्यातली तापाची साथ, मग गणपती, मग दिवाळी. यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो, तो फक्त हिशेबात धरलेला नसतो. पैसे कमी पडले की पुन्हा कार्ड घासलं जातं आणि सहा महिन्यांत फेडलेलं दोन महिन्यांत परत चढतं. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी आजारपण आणि घरचे वार्षिक खर्च बाजूला काढायचे, मग उरलेल्यातून हप्ता ठरवायचा. हप्ता लहान दिसला तरी चालेल, तो वाईट महिन्यातही भरता आला पाहिजे.

वहीत काय काय लिहायचं

एका पानावर घरातली सगळी कर्जं लिहा. प्रत्येकासमोर पाच गोष्टी हव्यात: आजची बाकी, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख आणि किती हप्ते उरले. बँकेच्या कर्जाचा तपशील लोन स्टेटमेंटमध्ये मिळतो. क्रेडिट कार्डाचा मासिक व्याजदर बिलाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून घेतलेल्या किरकोळ कर्जासोबत बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' दिलेलं असतं. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक खर्चाची टक्केवारी लिहिलेली असते, तोच आकडा उतरवा.

काही कर्जं लोक कर्ज म्हणून मोजतच नाहीत. आधीच उचललेली भिशी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, बचत गटाचं कर्ज, किराणा दुकानातली उधारी, कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेची पगारातून होणारी कपात, हे सगळं पानावर यायला हवं. कोणाला पतसंस्थेत जामीन राहिला असाल तर तीही रक्कम खाली वेगळ्या ओळीत लिहा. कर्जदाराने हप्ते थांबवले की नोटीस तुम्हालाही येते, आणि पगारातून कपातही होऊ शकते.

व्याजदर एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही. 'शेकडा दोन' म्हणजे महिन्याला २ टक्के, वर्षाला २४. दुचाकी, मोबाइल, फर्निचरच्या कर्जावर बरेचदा 'फ्लॅट' दर सांगतात आणि तो फसवा असतो. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅटने घेतले तर हप्ता ३,६११ रुपये येतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, पण व्याज पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या बाकीवर मोजलं तर हाच दर जवळपास १८ टक्के होतो.

वर्षाचे खर्च बारा महिन्यांत वाटा

गेल्या वर्षीचं बँक पासबुक किंवा यूपीआयची नोंद उघडा आणि दर महिन्याला न येणारे खर्च वेचून काढा: शाळाप्रवेश आणि पुस्तकं, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, गणपती-दिवाळी, लग्नसराईतले आहेर, गावाकडच्या फेऱ्या. समजा शाळेचे ७,०००, सणांचे ६,०००, गाडीचे ३,००० आणि आहेर-प्रवासाचे २,००० झाले. एकूण १८,००० म्हणजे महिन्याला १,५००. हे पैसे पगाराच्या खात्यात ठेवले तर खर्च होतात. वेगळं बचत खातं किंवा बँकेची आरडी घ्या आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते तिकडे वळते करा. आरडी घेतलीत तर तिचे पैसे साधारणपणे मुदत संपल्यावर मोकळे होतात. म्हणून जूनच्या खर्चासाठी बँकेची बारा महिन्यांची आरडी जूनच्या आधी संपेल अशा बेताने उघडावी. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाला गैरसोयीची.

आजारपणाचा डबा वेगळा. त्यात एका महिन्याचे सगळे हप्ते आणि महिन्याची औषधं एवढी रक्कम जमेपर्यंत कोणतंही कर्ज मुदतीआधी फेडायच्या मागे लागू नका. पहिला बोनस, ओव्हरटाइम, भिशीचा नंबर लागला तर ते पैसे, सगळं आधी इकडे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये घरात येत असतील तर त्यांच्या जोरावर हप्ता ठरवू नका. ते जमा व्हायची तारीख मागेपुढे होते, हप्त्याची होत नाही. ते पैसे डब्यात गेलेले बरे.

एका घराचा हिशेब

समजा नवरा-बायको दोघांचं मिळून हातात येणारं उत्पन्न ४८,००० आहे. घरभाडं ९,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस ११,५००, वीज आणि मोबाइल २,०००, शाळेची फी आणि रिक्षा ४,०००, आईची बीपी-शुगरची औषधं १,८००, पेट्रोल २,५००. हे झाले ३०,८००.

कर्जं चार. वैयक्तिक कर्ज: बाकी १,४०,०००, १५ टक्के, हप्ता ६,७९०, उरलेले २४ महिने. दुचाकी: बाकी ३२,०००, १२ टक्के, हप्ता २,८५०, उरलेले १२ महिने. मामांचे हातउसने ४०,०००, बिनव्याजी, महिना १,००० द्यायचं ठरलेलं. आणि क्रेडिट कार्डावर ६८,०००, महिना साडेतीन टक्के.

दोन्ही हप्त्यांचे ९,६४० गेले की हातात ७,५६० उरतात. वार्षिक खर्चाचे १,५००, आजारपणाच्या डब्याचे १,५०० आणि मामांचे १,००० काढल्यावर कार्डासाठी ३,५६० राहतात. आता कार्डाचं व्याज पाहा. ६८,००० वर साडेतीन टक्के म्हणजे २,३८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४२८, मिळून २,८०८. म्हणजे ३,५६० भरूनही मुद्दल फक्त ७५२ रुपयांनी उतरतं. या गतीने कार्ड मिटायला सव्वातीन वर्षं लागतात आणि एकूण १ लाख ३७ हजारांच्या आसपास भरावे लागतात. बिलावरची 'मिनिमम ड्यू' भरली की दंड आणि थकबाकीचा शेरा टळतो, व्याज टळत नाही. बाकी शिल्लक असेपर्यंत नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

म्हणून कार्डाचं कर्ज कार्डावर ठेवून फेडत बसू नये, ते स्वस्त कर्जावर हलवावं. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्ज हा यातला सर्वांत जलद मार्ग. तेच ६८,००० बारा टक्क्यांच्या सोनेतारण कर्जावर नेले तर पहिल्या महिन्याचं व्याज ६८० होतं. ३,५६० च्याच हप्त्यात सगळं साधारण बावीस महिन्यांत मिटतं आणि एकूण ७६,००० च्या आसपास जातात. बाराव्या महिन्यानंतर दुचाकीचे २,८५० मोकळे होतील, तेही याच कर्जावर वळवले तर अठराव्या महिन्यात दागिने घरी येतात.

सोनेतारण घेताना तीन गोष्टी विचारून घ्या. हप्त्याने फेडायची सोय आहे का, की वर्षाच्या शेवटी एकरकमी भरायचे? एकरकमी असेल तर मधेमधे मुद्दल भरता येतं का? आणि उशीर झाल्यास लिलावाची नोटीस किती दिवसांची? दागिन्यांच्या वजनाची आणि कॅरेटची नोंद असलेली पावती नीट ठेवा. सोनं नसेल तर कार्डाच्या बँकेकडे बाकी हप्त्यांत बदलून मागा. त्याचा दर कार्डाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी बंद करायचं शुल्क आधी विचारा. नोकरदारांना पगारदार पतसंस्थेचं कर्जही बहुतेक वेळा कार्डापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

ही योजना सर्वांत जास्त एकाच जागी फसते. कार्ड शून्यावर आलं की त्यावर पुन्हा खरेदी सुरू होते आणि वर्षभरात सोनेतारणही डोक्यावर आणि कार्डही. बाकी हलवली त्याच दिवशी बँकेच्या ॲपमधून कार्डाची ऑनलाइन खरेदीची सोय बंद करा, मर्यादा १०-१५ हजारांवर आणा, आणि वीजबिल, मोबाइल रिचार्ज, ओटीटी जे काही कार्डावर आपोआप कापलं जातं ते डेबिट कार्डावर किंवा यूपीआयवर न्या.

कोणतं कर्ज आधी

साधारण नियम सोपा: सगळ्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर, आणि वरचा प्रत्येक जादा रुपया सर्वांत महाग कर्जावर. याला दोन अपवाद करावेत. तीन-चार हप्तेच उरलेलं छोटं कर्ज असेल तर ते आधी मिटवा, कारण त्याचा हप्ता मोकळा झाला की महिन्याला श्वास घ्यायला जागा होते. दुसरा अपवाद नात्यातल्या हातउसन्यांचा. कागदावर व्याज शून्य असल्याने हिशेब म्हणतो ते शेवटी द्या. पण मामांचे पैसे दोन वर्षं हललेच नाहीत तर पुढच्या आजारपणात मदत मागायला तोंड राहत नाही. म्हणून लहान का होईना, दर महिन्याला ठरल्या तारखेला द्या.

गृहकर्ज यात सर्वांत शेवटी. त्याचा दर कमी असतो, पण हप्ता मात्र कधीच चुकवायचा नाही. इतर कर्जं संपल्यावर वर्षाला एक जादा हप्ता भरायची सवय लावा. २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं या कर्जाचा हप्ता १७,३५६ येतो. दरवर्षी असा एक हप्ता जास्तीचा मुद्दलात भरला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त लवकर संपतं. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल शुल्क लावता येत नाही. भरताना 'मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा' असं लेखी सांगा. नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात आणि फायद्याचा मोठा भाग जातो.

औषधं थांबवू नका, स्वस्त करा

पैशाची ओढाताण झाली की घरातली बाई आधी स्वतःच्या गोळ्या कमी करते. बीपीची गोळी दिवसाआड, शुगरची तपासणी 'पुढच्या महिन्यात'. याने महिन्याला तीन-चारशे रुपये वाचतात आणि पक्षाघात किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो, ज्याचा खर्च घरातल्या सगळ्या कर्जांपेक्षा मोठा असतो. हा खर्च कापायचा नाही, त्याची जागा बदलायची.

डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा: मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अटोर्व्हास्टॅटिन. ही नावं घेऊन जनऔषधी केंद्रात गेलात तर ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. आईच्या १,८०० रुपयांतले सात-आठशे असेच मोकळे होऊ शकतात. मात्रा तीच आहे ना, हे पाकिटावरच्या मिलिग्रॅमवरून ताडून घ्या. स्वतःच्या मनाने एकाऐवजी दुसरं औषध घेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहरातल्या 'आपला दवाखाना'मध्ये बीपी आणि मधुमेहाची तपासणी आणि नेहमीची औषधं मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत.

भरती व्हायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: 'इथे महात्मा फुले योजना आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतात?' महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि ते आता राज्यातल्या सर्व रहिवाशांसाठी आहे, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. यादीतला आजार आणि यादीतलं रुग्णालय असलं पाहिजे, आणि नोंदणी भरती होतानाच व्हायला हवी. नंतर बिल दाखवून पैसे परत मिळतील या भरवशावर कार्ड घासू नका. टोल फ्री क्रमांक १५५३८८. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान भारतचं 'वय वंदना' कार्ड आजारी पडायच्या आधीच काढून ठेवा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालय शोधा. अशा नोंदणीकृत रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हातात असला तर बोलणी लवकर होतात. तो काढायला दिवस लागतात, म्हणून तब्येत ठीक असतानाच काढावा.

मेडिक्लेमचा प्रीमियम कापून कर्ज फेडू नका. पॉलिसी तुटली की आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. कमावत्या माणसाच्या खात्याला वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, या दोन्ही सरकारी योजना जोडलेल्या आहेत ना, हे पासबुकात पाहा. मे अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर नूतनीकरण होत नाही आणि कळतही नाही.

घरात बोलायचं कसं

एकट्याने लपवून फेडलेलं कर्ज बहुधा पुन्हा होतं, कारण खर्च करणाऱ्याला मर्यादा माहीत नसते. पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी दोघांनी वही घेऊन अर्धा तास बसायचं. त्यात तीनच गोष्टी: बाकी किती उतरली, डब्यात किती जमले, पुढच्या महिन्यात काय येतंय. गेल्या महिन्यातल्या चुका उगाळायच्या असतील तर ते वेगळ्या दिवशी, वही बंद असताना. दोघांनाही दर महिन्याला थोडे पैसे बिनहिशेबी ठेवा, पाचशे का होईना. ते नसले की चहाच्या दहा रुपयांवरूनही वाद होतो आणि मग वहीच उघडली जात नाही. आहेराची रक्कम लग्नसराई सुरू व्हायच्या आधी ठरवून ठेवा: सख्ख्या नात्यात किती, बाकी ठिकाणी किती. मांडवात उभं राहून ठरवलेली रक्कम नेहमी मोठी असते.

हप्ता चुकेल असं दिसलं तर

हप्त्याची रक्कम खात्यात आदल्या दिवशीच असू द्या, कारण कपात सकाळी लवकर होते आणि दुपारी भरलेले पैसे कामाचे नसतात. हप्ता बाऊन्स झाला की तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था दोन्ही शुल्क लावू शकतात. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ तारखेला असेल तर तारीख बदलून मागा, बऱ्याच संस्था बदलून देतात.

खरंच जमणार नसेल तर हप्ता चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या: कारण, किती महिने, किती भरू शकता. सोबत डिस्चार्ज कार्ड किंवा नोकरी गेल्याचं पत्र जोडा आणि प्रतीवर पोच घ्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळणं हे 'सेटलमेंट'पेक्षा खूप बरं. सेटलमेंटमध्ये रक्कम कमी होते, पण सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि पुढचं कर्ज अडतं. सर्व थकबाकी ९० दिवसांच्या आत नियमित करायचा प्रयत्न करा, त्यानंतर खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. धमकी देणं, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनाम करणं याला परवानगी नाही. फोनची वेळ आणि बोलणं लिहून ठेवा आणि आधी संस्थेकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, क्रमांक १४४४८. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

या काळात मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका. कोणती बँक किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनी पैसे देते आहे हे ॲपवर स्पष्ट नसेल, किंवा ते तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो मागत असेल, तर ते काढून टाका. फसवणूक झालीच तर सायबर हेल्पलाइनला, १९३० वर लगेच कळवा. खासगी सावकाराकडे जायची पाळी आली तर परवाना पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे किंवा सहायक निबंधकाकडे करता येते. कोऱ्या धनादेशावर आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही कधीच नको. धनादेश न वटल्याचा फौजदारी खटला त्याच सहीवर उभा राहतो.

कर्ज संपल्यावरचे कागद

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं नाही. 'नो ड्यूज' दाखला मागून घ्या. दुचाकीच्या आरसीवरून बँकेचं नाव काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओकडे द्यावा लागतो. एनओसीला मुदत असते, म्हणून ती तशीच कपाटात ठेवू नका. घराची मूळ कागदपत्रं कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवीत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसह चारही संस्था वर्षातून एकदा तो मोफत देतात. खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना, ते बघा. चूक दिसली तर तिथेच ऑनलाइन तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

मोकळा झालेला हप्ता पहिल्या महिन्यापासूनच पुढच्या कर्जावर लावा. शेवटचं कर्ज मिटलं असेल तर तोच हप्ता त्याच तारखेला आजारपणाच्या डब्यात जाऊ द्या, तिथे तीन महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत.